पालखी शनिवारी यावी का?

वाडीकर | २८ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. नाव मुद्दाम देत नाही, कारण निम्मा गाव इथे वाचतो आणि उरलेल्या निम्म्याला वाचून दाखवलं जातं.

विषय शिमग्याचा. आमच्याकडे होम (होळी) पौर्णिमेचा, म्हणजे यंदा सोमवारी २ मार्चला. मंगळवारी ३ तारखेला चंद्रग्रहण, त्यामुळे देव सहाणेवरच (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर). बुधवारपासून पालखी भोवनीला, म्हणजे घरोघर फिरायला, निघणार. पहिला मान आमच्या वाडीचा, बुधवार-गुरुवार. शुक्रवारी मधली वाडी, शनिवारी वरची वाडी, आणि रविवारी रंगपंचमीला देव परत सहाणेवर.

परवाच्या रविवारी परळला आमच्या मुंबई मंडळाची सभा झाली. पोरांनी ठराव आणला की होमाला हात लावायचा नाही, तिथीलाही नाही, फक्त वाड्यांचा क्रम फिरवा. शनिवारी पालखी आमच्याकडे आली तर शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं आणि सोमवारी सकाळी कामावर हजर. नाहीतर आठवडाभराची रजा टाकावी लागते, आणि ती हल्ली कोण देतं?

याचं मूळ गेल्या वर्षीत आहे. २०२५ ला होम गुरुवारी १३ मार्चला आला, धुळवड शुक्रवारी, आणि आमच्या वाडीत पालखी बरोबर शनिवार-रविवारी. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बंद घरांची कुलपं निघाली. त्या दोन दिवसांची सगळ्यांना चटक लागली आहे.

गावी फोन केला तर एका ज्येष्ठ मानकऱ्यांनी एवढंच विचारलं, "देवानं तुमच्या साहेबाला विचारून निघायचं काय?"

तुमच्याकडे काय करतात? उपदेश नको, अनुभव सांगा.

---

कळफलक | २८ जानेवारी, रात्री ११:०५

खुर्ची टाकून बसलो आहे.

---

सहाणेवरचा | २९ जानेवारी, सकाळी ७:१५

मी गावातच राहतो (तुमच्या नाही, शेजारच्या तालुक्यातल्या). मुंबईकरांना एक गोष्ट लक्षात येत नाही. वाड्यांचा क्रम म्हणजे बसचं वेळापत्रक नव्हे. पहिली ओटी कोणाची, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाण्यात नाव कोणाचं आधी, यावरून आमच्या बाजूच्या एका गावात पालखी काही वर्षं देवळाबाहेर निघाली नव्हती. वाद कोर्टात गेला होता. शेवटी मिटला तो जुनाच क्रम मान्य करून. पहिला मान तुमच्याकडे आहे आणि तुम्ही तो आपण होऊन सोडायला निघालात! एकदा सोडलेला मान परत मिळत नाही. पुढे कधी होम गुरुवारी आला की "आता आम्हाला पुन्हा पहिलं करा" म्हणून कोणाच्या पाया पडणार?

---

वाडीकर | २९ जानेवारी, सकाळी ९:३०

हा मुद्दा सभेत कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. नोंद घेतली.

---

बे एरियाची सून | २९ जानेवारी, सकाळी ११:५०

आमच्याकडची, अमेरिकेतली गंमत ऐका. २०२५ ला गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. घरचा गणपती आम्ही बुधवारीच बसवला, संध्याकाळी कामावरून आल्यावर. (प्राणप्रतिष्ठा संध्याकाळी चालते का, यावर सासूबाईंशी व्हिडिओ कॉलवर वेगळी चर्चा झाली.) मंडळाचा गणपती मात्र नेहमी शनिवारी. आता त्या आठवड्यातला शनिवार लेबर डेच्या जोडून सुट्टीत गेला. निम्मे लोक डोंगरात नाहीतर समुद्रावर. म्हणून मंडळाने पुढचा शनिवार धरला, ६ सप्टेंबर.

तारीख बघा. अनंत चतुर्दशी. पुण्या-मुंबईत विसर्जनाच्या मिरवणुका आणि आमच्या शाळेच्या हॉलमध्ये "गणपती बाप्पा आले". सकाळी दहाला स्थापना, दुपारी जेवणाचे डबे, चारला मुलांचे नाच, सहाला हॉलची वेळ संपते म्हणून पावणेसहाला उत्तरपूजा. आरती बॅटरीच्या दिव्यांनी, कारण कापूर लावला की छतावरचं धूर ओळखणारं यंत्र बोंबलतं आणि अग्निशमनवाले येतात.

हसू येतं, पण तो एक दिवस नसता तर आमच्या मुलांनी शंभर माणसांच्या तोंडून "सुखकर्ता" ऐकलीच नसती. फक्त एक झालंय. माझ्या मुलीला वाटतं गणपती हा शनिवारी येणारा देव आहे. मारुतीची जागा घेतली त्याने.

---

पेणकर | २९ जानेवारी, दुपारी १:२०

@बे एरियाची सून, अनंताला स्थापना हे जरा अति झालं, पण तुम्ही अगदीच काही नवीन केलेलं नाही. आमच्या रायगडात साखरचौथीचा गणपती असतो. भाद्रपदातल्या वद्य चतुर्थीला, संकष्टीला. म्हणजे अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर! पेण, उरणकडे कितीतरी घरांत आणि मंडळांत बसवतात. इथल्या कारखान्यांत मूर्ती घडवणाऱ्या लोकांना भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, त्यांनी मग आपला गणपती निवांतपणे बसवायला हे सुरू केलं असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण कामवाल्या माणसाची अडचण आमच्या बाप्पाला समजते.

---

लिंबूटिंबू काकू | २९ जानेवारी, दुपारी ३:४५

पेणकरांचं बरोबर आहे. आपल्या बायकांच्या सणांकडे बघा, सगळ्यांना ऐसपैस मुदत आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत, चांगला महिना हातात. मंगळागौर श्रावणातल्या कुठल्याही मंगळवारी. तुळशीचं लग्न कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. का? कारण एकाच दिवशी सगळ्याजणी आपापल्या घरी वाटली डाळ वाटत बसल्या तर एकमेकींकडे जाणार कोण? ज्या सणाला दुसऱ्याच्या घरी जायचं असतं त्याला मुदत, आणि जो आपल्या देव्हाऱ्यापुरता त्याला तिथी. माझा आपला अंदाज, शास्त्र नव्हे.

आमच्या सोसायटीत या २५ तारखेला, रथसप्तमीलाच रविवार आला. सात घरची हळदीकुंकवं एका संध्याकाळी! लुटायला आणलेल्या प्लास्टिकच्या डब्या आता कुठे ठेवू असं झालंय.

---

मंगळवार सुट्टी | २९ जानेवारी, रात्री ११:३०

सगळे "शनिवार-रविवार" म्हणताय तो कोणाचा, ते जरा सांगा. मी मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात. शनिवार-रविवारी रजा मागितली तर सरळ नाही म्हणतात, कारण धंदा त्याच दोन दिवसांचा. माझी सुट्टी मंगळवारी. बायको रुग्णालयात परिचारिका, तिची सुट्टी दर आठवड्याला बदलते. धाकटा भाऊ घरपोच जेवण पोचवतो, रविवारी रात्री त्याला सर्वांत जास्त ऑर्डरी. आमच्या गावच्या मुंबईतल्या पोरांत ऑफिसात बसणारे किती आणि पहारेकरी, ड्रायव्हर, वॉर्डबॉय किती, मोजा एकदा. मंडळाच्या सभेला रविवारी संध्याकाळी जे येऊ शकतात त्यांनीच ठराव केला ना? मग तो त्यांच्या सोयीचाच होणार.

बुधवारी पालखी आली तर मी मंगळवारच्या सुट्टीला एक दिवस जोडून जाऊ शकतो. शनिवारी आली तर फोटो बघायचे.

---

वाडीकर | २९ जानेवारी, रात्री ११:५५

@मंगळवार सुट्टी, आमच्या सभेला हजर चाळीसेक. मंडळाच्या वहीत नावं याच्या तिप्पट. तुमचा मुद्दा झोंबला, पण बरोबर आहे. उद्या फोन लावतो एकेकाला.

---

जुना गिरणगाव | ३० जानेवारी, सकाळी ६:१०

पहाटे जाग येते, म्हणून लिहितो. वडील लालबागला गिरणीत साच्यावर होते. गावकीची खोली होती, दहा बाय बाराची, त्यात पाळ्या लावून वीसेक माणसं राहायची. शिमग्याला आणि गणपतीला खोली रिकामी. रजा मिळो न मिळो, माणूस जायचा. खाडा पडला तर पडला. बदली कामगार ठेवून लोक गावी गेलेत. ८२ च्या संपानंतर ती खोलीही गेली आणि ते बिनधास्त जाणंही.

आणि हा जो रविवार तुम्ही गृहीत धरताय, तोही कोणी ताटात वाढलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना १८८४ मध्ये उभी केली, वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या, सभा केल्या, तेव्हा १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या वेळी रविवारच का, तर लोखंड्यांचं म्हणणं असं होतं की रविवार खंडोबाचा वार, कामगाराला त्या दिवशी देवकार्य करता आलं पाहिजे. म्हणजे सुट्टी देवासाठी मागून घेतली होती. आता आपण देवाला सांगतोय की सुट्टीत बस.

(याचा अर्थ मी ठरावाच्या विरोधात आहे असा घेऊ नका. मला अजून ठरवता आलेलं नाही.)

---

माहेरवाशीण | ३० जानेवारी, दुपारी १२:२५

मी वाडीकरांच्याच गावची, सासरी चिपळूणला. वहिनी गावी आहे, ती फोनवर जे म्हणाली ते तिच्या परवानगीने लिहिते.

"गेल्या वर्षी शनिवार-रविवारी वाडीत एवढी माणसं आली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण नळाला पाणी एक दिवसाआड. विहिरीने तळ गाठलेला. आमच्या घरी तेवीस माणसं. शुक्रवारी पहाटेपासून रविवारी रात्रीपर्यंत मी चुलीपुढून उठले ती फक्त ओटी भरायला. पालखी दारात नाचली तेव्हा मी पुरण वाटत होते. मुंबईच्या जावा नवी साडी नेसून व्हिडिओ काढत होत्या. त्यांनाही बोल लावत नाही, दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला कुठलं भांडं कुठे आहे हे समजेपर्यंत रविवार उजाडतो."

मी विचारलं, मग बुधवारीच येऊ दे ना पालखी? तर म्हणते, "बुधवारी खांद्याला माणसं कुठायत?"

हे दोन्ही खरं आहे. तिला पालखी शनिवारी नको आणि बुधवारीही नको, तिला पाणी हवं आहे आणि हाताखाली माणूस हवं आहे. तुमच्या ठरावात यातलं काही आहे का?

---

सहाणेवरचा | ३० जानेवारी, दुपारी १:००

वहिनींना साष्टांग. खांद्याचा प्रश्न आमच्याकडेही आहे. पालखी नाचवणं म्हणजे नुसतं वाहून नेणं नाही. ढोलाच्या ठोक्यावर खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून हातावर, खाली बसून पुन्हा वर. पंचविशीतले गडी लागतात, पाळीपाळीने. गावात उरलेले आम्ही साठीच्या अलीकडे-पलीकडे. गेल्या वर्षी एका वाडीत पालखी नाचलीच नाही, फक्त फिरली. घरात आजी वाट बघत बसली होती, तिला ते लागलं.

---

देवीचो चाकर | ३१ जानेवारी, रात्री ९:१५

आमच्या मालवण तालुक्यात या, वादच मिटला. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा. तिला तिथी नाही, वार नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते आणि मग जाहीर होते. तोवर मुख्यमंत्र्यालाही माहीत नसते. तारीख जाहीर झाली की कोकण रेल्वेची तिकिटं हां हां म्हणता संपतात. यंदा ९ फेब्रुवारी.

आमची आये सांगता, "देवीक इचारल्याबिगर तारीख ठरणा नाय, आनि देवी ठरयता ती कोणाक इचारना नाय."

---

कळफलक | ३१ जानेवारी, रात्री ९:४०

कॅलेंडर काढून बघितलं. २०२३ ला ४ फेब्रुवारी, शनिवार. २०२४ ला २ मार्च, शनिवार. २०२५ ला २२ फेब्रुवारी, शनिवार. देवीलाही दोन दिवसांची सुट्टी लागू झाली होती काय?

---

देवीचो चाकर | ३१ जानेवारी, रात्री ९:५२

आणि यंदा ९ फेब्रुवारीला सोमवार. आता बोला. लोक येणारच आहेत. लाखांनी येतील, सोमवार असो की अमावस्या.

---

मांडवीपल्याड | १ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

गोव्यातून. आमच्याकडे शिगम्याचे सरळ दोन भाग झालेत आणि कोणाची भांडणं नाहीत (म्हणजे आहेत, पण दुसऱ्या कारणांवरून). गावचा शिगमो मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या पवित्र जागी. मांडावर दिवा लागतो, नमन होतं, मग मेळ घरोघर जातो. त्याचे दिवस ठरलेले, ते कोणी हलवत नाही. सत्तरी-डिचोलीकडे घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडे बांधून नाच) असते, तीही ज्या त्या गावच्या दिवशीच. आणि दुसरा तो शहरातल्या चित्ररथांचा, रोमटामेळांच्या (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या पथकांच्या) स्पर्धेचा. तो पर्यटन खात्याच्या वेळापत्रकाने आज या शहरात, उद्या त्या. तिथे बक्षीस असतं, दिवे असतात, मंत्री उशिरा येतात. पोरं दोन्हीकडे नाचतात. मांडावर अनवाणी, शहरात बूट घालून.

दिवाडी बेटावरचं बोंदेराम तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असं बांधूनच ठेवलंय. कार्निव्हाल शनिवारी सुरू होतो, मंगळवारी संपतो, कारण बुधवारपासून उपास. सांजाव (विहिरीत उड्या मारायचा ख्रिस्ती सण) मात्र २४ जूनलाच, मग वार कुठलाही असो. पाऊस आणि विहीर काय वार बघून भरत नाही.

---

उत्तनचा | १ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

मोतमाउलीची (माउंट मेरीची) वांद्र्याची जत्रा घ्या. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. तो दिवस आम्ही पाळतोच, पण जत्रा सुरू होते त्यानंतरच्या रविवारी आणि आठवडाभर चालते. आठवडा ठेवलाय यातच सगळं आलं. ज्याला रविवार जमतो तो रविवारी, मासळीबाजारवाल्या बायका त्यांच्या सवडीने मधल्या वारी. आमच्या आजीला रविवारची गर्दी कधीच आवडली नाही, ती बुधवारी जायची आणि मेणबत्त्या घेऊन निवांत बसायची.

---

ताडदेव | १ फेब्रुवारी, रात्री ८:२०

मुंबईतलं अलीकडचं उदाहरण. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुस्लिम समाजातल्या मंडळींनी बसून ठरवलं की आपला जुलूस २९ ला काढू. सरकारने २९ ची सुट्टी दिली. २०२४ आणि २०२५ लाही विसर्जन जवळ आलं म्हणून जुलूस पुढे नेला. ईद त्या-त्या दिवशीच झाली, नमाज त्या दिवशी, फक्त रस्त्यावरचा भाग हलला. वाडीकर, तुम्हाला यातून काही सुचलं तर बघा.

---

ढाण्या | १ फेब्रुवारी, रात्री ९:०५

तारीख-तिथीचा विषय निघालाच आहे तर शिवजयंतीबद्दलही एकदा होऊन जाऊ द्या. १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया?

---

व्यवस्थापक | १ फेब्रुवारी, रात्री ९:०७

नाही. त्यासाठी वेगळा धागा आहे, आणि तो कुलूपबंद आहे.

---

वरच्या वाडीचा | ३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

नवीन सदस्य आहे, हा धागा कोणीतरी पाठवला म्हणून खातं उघडलं. मी वाडीकरांच्या गावच्या वरच्या वाडीतला. इथे आंगणेवाडी झाली, अमेरिका झाली, गोवा झाला. यंदाचा शनिवार आमचा आहे, हे अगदी सुरुवातीलाच लिहिलंय. आम्हाला कोणी विचारलं?

आमची वाडी लहान, वीस उंबरे. डांबरी रस्ता आला तो अलीकडे. आधी पालखी आमच्याकडे चढून यायची ती अंधार पडायच्या आत परत नेण्याची घाई असायची. शनिवार आमच्या वाट्याला कधी नव्हे तो आलाय. आमचीही पोरं पुण्यात चाकणला कंपनीत आहेत, त्यांनाही शनिवारच सोयीचा. त्यांनी आधीच गाडी ठरवली आहे. पहिला मान तुमचा, सहाणेजवळची जागा तुमची, आता शनिवारही तुमचाच?

---

वाडीकर | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:००

दादा, तुमच्याशी बोलायला मी परवा गावी येतोय, महाशिवरात्रीपर्यंत मुक्काम आहे. इथे लिहून भागणार नाही. तुमच्या घरी येतो.

---

लिंबूटिंबू काकू | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१८

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. माझ्याकडे डब्या आहेत.

---

मधलीतला | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

मधली वाडी इथे हजर आहे. आम्हाला शुक्रवार आहे आणि त्यावर कोणाचा डोळा नाही, हे बघून आनंद झाला.

---

नमनकरी | ५ फेब्रुवारी, रात्री १०:५०

मी नमन-खेळ्यात (शिमग्यातलं आमचं लोकनाट्य) राधा नाचतो. (हो, पुरुषच. आमच्याकडे अजून तसंच.) खेळ्यांची अडचण कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मृदंगवाला ठाण्यात, झांजवाला विरारला, संकासुराचं सोंग घेणारा पनवेलला. सगळ्यांनी आठवडाभर रजा टाकून पालखीबरोबर फिरणं आता शक्य नाही, म्हणून भोवनीत आम्ही तिघं-चौघंच असतो आणि नमन अर्धं होतं. गण झाला की गौळण, गौळणीचं दोन ओळींत उरकून पुढचं घर. पूर्ण नमन, रात्रभरचं, वगासकट, हे बघितलेली पोरं आमच्या गावात आता विशीच्या आत कोणी नाहीत.

आम्हाला एक रात्र द्या. शनिवारची रात्र. पालखी कुठे का असेना. सहाणेवर मांडव घाला, सगळ्या वाड्यांनी या. मी कपडे आणि दागिने घेऊन शुक्रवारीच येतो.

---

जुना गिरणगाव | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

हे पटलं.

---

मंगळवार सुट्टी | ६ फेब्रुवारी, रात्री ११:४०

शनिवारची रात्र म्हणजे मी पुन्हा बाहेर. पण पालखी बुधवारी राहणार असेल तर माझी तक्रार नाही. सगळं सगळ्यांना मिळणार नाही, हे दुकानात रोज शिकतो.

---

बे एरियाची सून | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:००

@नमनकरी, कोणी चित्रफीत काढणार असेल तर पूर्ण काढा हो. दोन मिनिटांचे तुकडे नकोत. आमच्या इथल्या कोकणातल्या चार घरांनी एकत्र बसून बघायचं ठरवलंय. शनिवारीच, अर्थात.

---

वाडीकर | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

गावाहून परत आलो. रविवारी महाशिवरात्रीला देवळात सगळे होते, सोमवारी गावकी बसली. तीन तास. सविस्तर लिहितो, कारण इथल्या लोकांनी डोकं दिलंय.

क्रम बदलला नाही. पालखी आमच्या वाडीत बुधवार-गुरुवार, वरच्या वाडीत शनिवार. मुंबईच्या वहीतल्या सगळ्यांना फोन केले होते, त्यातल्या निम्म्याहून कमी लोकांना शनिवार-रविवारी सुट्टी असते. तो आकडा गावकीत सांगितल्यावर ठराव मी स्वतःच मागे घेतला. आमच्या पोरांपैकी दोघं चिडून निघून गेले, ते खरं आहे, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

एका मानकऱ्यांनी कौल लावू या म्हटलं. गुरवांनी नकार दिला. म्हणाले, देवाला विचारायचं ते अडल्यावर. इथे देवाचं काही अडलेलं नाही, तुमचं अडलंय.

बुधवारी खांद्याला माणसं हा प्रश्न उरतोच. ज्यांची सुट्टी मंगळवार-बुधवार अशी मधल्या वारी असते अशी अकरा पोरं निघाली फोनाफोनीत. त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं, कारण ती सभेला येऊ शकत नाहीत. त्यातली सात जण येतायत. दोघांनी आधी कधी पालखी उचललेली नाही, ते मंगळवारी येऊन सराव करणार. ग्रहण सुटल्यावर.

नमन शनिवारी ७ मार्चला, रात्री दहाला, सहाणेवर. त्या दिवशी संध्याकाळी वरच्या वाडीतून आम्ही सगळे पालखीबरोबर फिरणार आणि जेवायलाही तिथेच. त्यांनीच बोलावलंय.

पाण्यावरून सर्वांत जास्त वाजलं. मुंबई मंडळ म्हणे टँकरचे पैसे देतो. गावातल्या बायका म्हणाल्या, पैसे नकोत, भरायला माणसं द्या. टँकर सहाणेपर्यंत येतो, तिथून घरापर्यंत हंडे कोण नेणार? शेवटी ठरलं की शुक्रवारी रात्री येणाऱ्या गाडीतल्या पुरुषांनी शनिवारी सकाळी आधी पाणी भरायचं, मग आंघोळ. आणि त्या दिवशी पुरणपोळी नाही. आमटी-भात, वाटाण्याची उसळ, आचारी लावून. पुरणपोळी नाही म्हटल्यावर दोन म्हातारे उठून उभे राहिले होते. त्यांच्या बायकांनी त्यांना बसवलं.

---

माहेरवाशीण | १७ फेब्रुवारी, रात्री ९:५५

वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणते, पाणी भरलेलं बघेन तेव्हा खरं. पण नमनाला पुढच्या रांगेत जागा धरून ठेवा म्हणाली.

---

सहाणेवरचा | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

गुरवांचा पत्ता द्या, आमच्याकडे बदलीवर हवेत.

---

वरच्या वाडीचा | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

शनिवारी दुपारी चारच्या आत वर पोचा. गाडी खालच्या पिंपळापाशीच लावा, वर वळायला जागा नाही, मागच्या वर्षी एकाची गाडी गडग्यावर चढली होती. ज्यांना चढ जमत नाही त्यांच्यासाठी जीप आहे. जेवणाचा आकडा ४ मार्चपर्यंत कळवा. ऐनवेळी "आणखी सहाजण आलेत" चालणार नाही.

---

नमनकरी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:१०

शुक्रवारी रात्री साडेनऊला दादरहून निघतोय. सतरा आसनी गाडी, दोन जागा शिल्लक. एका जागेवर मृदंग आहे, तो मांडीवर घ्यायची तयारी असेल तर तीन.

---

कळफलक | १८ फेब्रुवारी, रात्री ११:१२

मृदंगाची जागा माझी. मी कोकणातला नाही, चालेल ना?

---

नमनकरी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

चालेल. शनिवारी सकाळी हंडे उचलायचे आहेत, तेवढं वाचलंत ना वर?